तुमचे प्रश्न : टीसी, पाकीटमार आणि न जमणारी जोडी

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो होतो, की एकमेकांशी अजिबात न पटणाऱ्या दोघांचा मारधाडवाला विनोदी पिक्चर हा लिहायला सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त वेळा फसतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. (ओटीटीचा पासवर्ड शेजाऱ्यांना द्यावा का विचारणाऱ्या काकू, तुम्हाला पुढच्या अंकात उत्तर देतो, तोवर देऊ नका.)

प्रश्न : दादा, मी आणि माझा मित्र मिळून स्क्रिप्ट लिहितोय. एक कडक इन्स्पेक्टर आणि एक बडबड्या चोर, दोघांना एकत्र केस सोडवायची असते. अंधेरीला एका प्रोड्युसरना नरेशन दिलं, म्हणजे अख्खी गोष्ट वाचून दाखवली, इंटरव्हलच्या आधीच त्यांनी फोन बघायला सुरुवात केली आणि शेवटी म्हणाले, सगळं ठीक आहे पण केमिस्ट्री नाहीये. आता केमिस्ट्री म्हणजे ॲक्टर आल्यावर होणार ना? ती कागदावर कशी आणायची? – स्क्रिप्टवाला, डोंबिवली पूर्व

उत्तर : मित्रा, आधी एक सांगतो, नरेशनमध्ये फोन बघितला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, मी स्वतः सिरियलच्या रायटर्स रूममध्ये सात वर्षं काढलीत आणि एकदा तर समोरचा माणूस चक्क घोरत होता आणि तोच एपिसोड पास झाला. पण तुझ्या प्रोड्युसरचं म्हणणं चुकीचं नाहीये. त्यांना शब्द सापडला नाही म्हणून केमिस्ट्री म्हणाले.

तू पत्राबरोबर जी आठ पानं पाठवलीस ती वाचली. त्यात इन्स्पेक्टर कडक आहे कारण तो इन्स्पेक्टर आहे आणि चोर बडबड्या आहे कारण कोणीतरी विनोदी पाहिजे. भांडण झालं की दरवेळी इन्स्पेक्टर बरोबर ठरतो आणि चोर मूर्ख ठरतो. मग ते भांडण कसलं, ती शिकवणी झाली. माझं या विषयावर एकच म्हणणं आहे आणि या कॉलमभर मी तेच तेच वेगवेगळ्या तोंडाने सांगणार आहे, कंटाळलात तर माफ करा: दोघंही बरोबर असले पाहिजेत. आपण ज्याचं ऐकतोय तो बोलत असेपर्यंत आपल्याला वाटलं पाहिजे की हो यार, याचं बरोबर आहे, आणि दुसरा बोलायला लागला की अरे याचंही बरोबर आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण होतं ना, त्यात तिसऱ्या मजल्याचंही बरोबर असतं आणि तळमजल्याचंही, म्हणून तर ते रात्री अकरापर्यंत चालतं.

मिडनाइट रन बघितलायस का? १९८८ चा, रॉबर्ट डी निरो आणि चार्ल्स ग्रोडिन. डी निरो जामीन तोडून पळालेल्यांना पकडून आणायचं काम करतो, ग्रोडिन अकाउंटंट आहे ज्याने एका गुंडाचे १.५ कोटी डॉलर उचलून दानधर्मात वाटलेत. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला न्यायचंय, डेडलाइन आहे. आता बघ, हा अकाउंटंट प्रवासभर त्याला सिगारेट ओढू नको, हे खाऊ नको असं सांगत राहतो, तेही आवाज न चढवता, एखादे निवृत्त मास्तर बोलतात तसं. वैताग येतो की नाही? पण त्याचं बरोबर आहे! आणि डी निरोचंही बरोबर आहे की बाबा रे मी तुला पोचवलं की मला पैसे मिळतात आणि मी या धंद्यातून सुटतो. त्यात आणखी गंमत अशी की दोघंही मुळात प्रामाणिक आहेत, एकाने पोलिसात असताना लाच घेतली नाही म्हणून त्याचं वाटोळं झालं, दुसऱ्याने गुंडाचे पैसे ठेवून घेतले नाहीत म्हणून त्याचं. हे त्यांना स्वतःला कळायला अर्धा पिक्चर जातो. आपल्याला मात्र आधी कळतं आणि म्हणून आपण खुर्चीत पुढे सरकून बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोर. मी याला दोर म्हणतो. दर दहा पानांनी स्वतःला विचार, की हा माणूस आत्ताच्या आत्ता उठून निघून का जात नाही? तुझा चोर सतराव्या सीनला एकटा बाहेर चहा प्यायला जातो आणि परत येतो. का येतो रे? मी असतो तर दिवा लोकल पकडून गेलो असतो. ४८ अवर्स नावाच्या १९८२ च्या पिक्चरमध्ये हा दोर नावातच बांधून टाकलाय, कैद्याला अठ्ठेचाळीस तासांसाठीच तुरुंगातून बाहेर काढलाय, घड्याळ चालू आहे. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण वेळेचा दोर बाहेरून बांधलेला असतो. आतला दोर असा की पोलिसाची स्वतःची रिव्हॉल्व्हर त्या खुन्याने नेलीय, त्याची लाज पोलिसाला आत जाळतेय, आणि कैद्याने एका गाडीत पाच लाख डॉलर लपवून ठेवलेत जे त्याच खुन्याला पाहिजेत. म्हणजे दोघं एकाच माणसाच्या मागे आहेत पण वेगळ्या कारणाने, आणि कैदी आपलं कारण बराच वेळ सांगतच नाही. आता लावून बघ तुझ्या स्क्रिप्टला. तुझे दोघं केस सोडवायला एकत्र आलेत एवढंच आहे. केस तर कोणीही सोडवेल.

तुला मुंबईतलं उदाहरण देतो, फुकट, पाहिजे तर वापर. इन्स्पेक्टर-चोर सोड. एक टीसी घे आणि एक पाकीटमार घे. टीसी नियमाचा पक्का, बायकोच्या मामालासुद्धा दंड लावलेला माणूस. पाकीटमार चर्चगेट ते विरार लाइनवरचा जुना कारागीर. टीसीच्या बॅगेतून दिवसभराच्या दंडाची वसुली आणि पावतीपुस्तक कोणीतरी मारलंय, आणि ते याने मारलेलं नाही पण कोणी मारलं हे हा हाताच्या सफाईवरून सांगू शकतो. टीसीला संध्याकाळी कॅश जमा करायची आहे नाहीतर नोकरी. पाकीटमाराला याच्या तावडीतून सुटायचंय, आणि ज्याने मारलं त्याच्याशी त्याचं जुनं वैर आहे. झाला दोर तयार. आता या दोघांना संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये चढव.

आता इथे मारामारी कशी होणार सांग? हात वरच होत नाही. ठोसा मारायला कोपर मागे घ्यावं लागतं, मागे एका काकांची बॅग आहे, ते म्हणणार ‘ओ, नीट उभं रहा ना’. व्हिलन दोन फुटांवर आहे, दिसतोय, हसतोय, आणि त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. टीसी ‘बाजूला व्हा, रेल्वे’ म्हणून ओरडतो, कोणी हलत नाही, उलट कोणीतरी विचारतो पास दाखवू का. आणि पाकीटमार? तो गर्दीतून पाण्यासारखा सरकतो, कारण तेच त्याचं आयुष्य आहे, आणि हाणामारी न करता दोन बोटांनी व्हिलनचा चाकू काढून टीसीच्या खिशात टाकतो. मग दादर येतं आणि सगळी माणसं एकदम बाहेर पडतात, व्हिलनसकट टीसीसकट, ज्याला उतरायचं नव्हतं तोही उतरतो. इथे ॲक्शन आणि कॉमेडी एकाच जागेतून निघते. आणि भांडण पण तिथेच पुढे सरकलं, टीसीला पहिल्यांदा कळलं की याच्याकडे असं काहीतरी आहे जे आपल्याकडे नाही.

हा माझ्या मते खरा टेस्ट आहे. पोलिस आणि चोराची अदलाबदल केली तरी तुझी फाइट तशीच राहत असेल तर ती फाइट फाइट मास्टरची आहे, पिक्चरची नाही. प्रत्येकाने स्वतःच्या स्वभावाप्रमाणे मारलं पाहिजे. भित्रा भित्र्यासारखा मारेल, चिकट माणूस मारतानाही नवीन शर्ट सांभाळेल.

आणि एक सीन तुझ्या स्क्रिप्टमध्ये नाहीच आहे, तो घाल. घरचा सीन. कधीतरी एकाने दुसऱ्याच्या घरी गेलंच पाहिजे. लीथल वेपनमध्ये (१९८७, शेन ब्लॅकने लिहिलेला) एक पोलिस नुकताच पन्नाशीचा झालाय, बायकापोरंवाला, त्याला धडपणे जगायचंय, आणि दुसऱ्याची बायको गेलीय, त्याला जगायचंच नाहीये. रस्त्यावर हा फरक म्हणजे नुसती आरडाओरड आहे. पण हा दुसरा पहिल्याच्या घरी जेवायला येतो, टेबलावर बसतो, पोरं हसतात, मोठ्या मुलीला तो आवडायला लागतो, बाप अस्वस्थ होतो, आणि काही न बोलता आपल्याला कळतं की या येड्याला काय पाहिजे आणि तो काय गमावून बसलाय. मिडनाइट रनमध्येही आहे, घटस्फोट झालेल्या बायकोच्या दारात डी निरो पैसे मागायला जातो आणि बरेच वर्षांत न भेटलेली मुलगी समोर येते, आणि हे सगळं तो अकाउंटंट बाजूला उभा राहून बघतो. बाहेर वाघ असलेला माणूस घरी काय असतो हे जोडीदाराने बघितलं की त्यांच्यात काहीतरी कायमचं बदलतं, कारण आता हा त्याला पुन्हा पहिल्यासारखं टाकून बोलू शकत नाही. आपल्याकडे तर हे अजून सोपं आहे. तुझ्या कडक इन्स्पेक्टरला आई असेल ना? आईला तो चोर आवडला पाहिजे. तिने त्याला दुसऱ्यांदा भात वाढला पाहिजे आणि पोराला म्हटलं पाहिजे, बघ कसा पोटभर जेवतो, नाहीतर तू. इन्स्पेक्टरचा चेहरा बघ फक्त. तिथे डायलॉग लिहूच नकोस.

व्हिलनबद्दल एवढंच, की त्याला विनोदी करू नकोस. दोघं हसवतायत ना, मग तिसऱ्याने घाबरवायला पाहिजे. तुझा व्हिलन तोतरा आहे, ते आधी काढ.

प्रश्न : हा सगळा फॉर्म्युला अमेरिकेचा आहे आणि आपण नुसती कॉपी मारतो असं माझा मुलगा म्हणतो. खरं का? – निवृत्त बँकवाला, मुलुंड

उत्तर : मुलाला सांगा अर्धं खरं. ४८ अवर्स चालला आणि त्यानंतर हॉलीवूडमध्ये या प्रकाराची रांग लागली, हे खरं आहे. एडी मर्फीचा तो पहिला पिक्चर होता, आणि निक नोल्टीच्या त्या घोगऱ्या, कुरकुरणाऱ्या आवाजाशेजारी त्याची मशीनगनसारखी जीभ, डग्ग्याशेजारी तबला वाजावा तशी. पण १९४९ मध्येच अकिरा कुरोसावाने जपानमध्ये स्ट्रे डॉग केला होता, नवखा तरुण पोलिस आणि मुरलेला म्हातारा पोलिस, भर उन्हाळा, आणि तरुणाचं पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये मारलं जातं. (वरच्या डोंबिवलीकराने हा नक्की बघावा, पाकीटमार आहे त्यात.) कॉमेडी नाहीये ती, पण सांगाडा तोच. १९५८ च्या द डिफायंट वन्समध्ये तर एक गोरा आणि एक काळा कैदी साखळीने एकमेकांना बांधलेलेच आहेत, माझा दोर म्हणजे तिथे खराखुरा लोखंडाचा आहे.

आणि आपलं म्हणाल तर संस्कृत नाटकात राजाबरोबर विदूषक असायचाच, खादाड, भित्रा, आणि राजाला तोंडावर बोलू शकणारा एकटाच. वगनाट्यात तर सत्तेचं माणूस आणि त्याची टर उडवणारा हवालदार ही जोडीच असते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांनी तो हवालदार केला आणि महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. तिथे फाइट नाहीये एवढंच. जीभ हीच तलवार.

प्रश्न : हिंदी पिक्चरमध्ये जोडीतला बावळट नेहमी आपला मराठी हवालदारच का असतो? पोट सुटलेलं, तंबाखू मळतोय, ‘साहब साहब’ करत मागे पळतोय. राग येतो. – गिरगावकर

उत्तर : मलाही येतो, आणि त्यातल्या त्यात या गोष्टीचा जास्त येतो की तो आळशीपणा आहे. दोन माणसं वेगळी दाखवायची आहेत, स्वभाव शोधायला वेळ नाही, मग भाषा वेगळी कर, पोट वेगळं कर, गाव वेगळं कर. असं केलं की पहिल्या दहा मिनिटांत हसू येतं आणि अकराव्या मिनिटाला सगळं संपतं, कारण माणसाच्या उच्चारावर किती वेळ हसणार.

उलटं उदाहरण आहे बघा आणि ते बरंच जुनं आहे. १९९४ चा मैं खिलाडी तू अनाडी. त्यात अक्षय कुमारचं नाव करण जोगळेकर. इन्स्पेक्टर जोगळेकर! तापट, हट्टी, भावाच्या खुनाचा बदला डोक्यात घेऊन फिरणारा. आणि सैफ अली खान सिनेमाचा हिरो, तेच तेच रोमँटिक रोल करून कंटाळलेला, खरा पोलिस कसा असतो हे शिकायचंय म्हणून जोगळेकरांच्या गळ्यात पडतो आणि थेट घरात राहायलाच येतो. कल्पना द हार्ड वे या १९९१ च्या अमेरिकन पिक्चरवरून उचललेली आहे हे सगळ्यांना माहितीय, ते सोडा. मुद्दा हा की इथे जोगळेकर वाघ आहे आणि हसं होतंय ते स्टारचं. शिवाय दोघांचंही बरोबर आहे ना, एकासाठी जे जीवनमरण आहे ते दुसऱ्यासाठी अभ्यासाचं पुस्तक, राग येणारच, पण त्या हिरोलाही खरंच काहीतरी खरं करायचंय, तो नुसता चंगळ करायला आलेला नाही. घरचा सीन म्हणालो ना वर, इथे तर अर्धा पिक्चर घरातच भांडण.

आणि आपल्या १९७५ च्या पांडू हवालदारमध्ये दादा कोंडके आणि अशोक सराफ दोघंही हवालदारच. भाषा तीच, खातं तेच, टोपी तीच. मग फरक स्वभावातूनच काढावा लागतो, दुसरा इलाज नाही. म्हणून मला वाटतं नव्या लेखकाने पहिलं स्क्रिप्ट एकाच चाळीतल्या दोघांवर लिहावं. सोपा रस्ताच बंद.

प्रश्न : माझे मिस्टर रश अवर लागला की रिमोट देत नाहीत. पंधराव्यांदा बघतात आणि तेवढंच हसतात. मला त्यात माणसं उड्या मारतात यापलीकडे काही दिसत नाही. काय आहे त्यात? – कंटाळलेली, बोरिवली पश्चिम

उत्तर : ताई, रिमोट परत मिळेल असं काही मी सांगू शकत नाही, पण पुढच्या वेळी एक करा, जॅकी चॅनचे फक्त डोळे बघा. हाताकडे बघू नका.

रश अवर १९९८ चा. हाँगकाँगचा एक पोलिस अपहरण झालेल्या मुलीसाठी अमेरिकेत येतो, एफबीआयला तो नकोय, मग त्याला गुंतवून ठेवायला लॉस एंजेलिसचा एक असा पोलिस पाठवतात जो त्यांनाही नकोच आहे. म्हणजे दोघांनाही साहेबांनी बाजूला काढलंय. ऑफिसमध्ये ज्या दोघांना मीटिंगला बोलवत नाहीत ते कॅन्टीनमध्ये एकमेकांना कसे शोधून काढतात, तसं आहे ते. एकाला वाटतं मी याला सांभाळतोय, दुसऱ्यालाही तेच. क्रिस टकर सतत ओरडतो, चॅन गप्प बसतो, आणि टकर बराच वेळ समजून चालतो की याला इंग्रजी येत नाही. येत असतं. त्याने नाही असं कधी म्हटलेलंच नसतं.

आता मारामारी. चॅन लहानपणी हाँगकाँगमध्ये पेकिंग ऑपेराच्या शाळेत शिकला, तिथे कसरत, गाणं, अभिनय सगळं एकत्रच घोटून घेतात, म्हणून त्याची फाइट नाचासारखी असते. पण हसू येतं ते वेगळ्या कारणाने. त्याला कधीच एक काम नसतं, दोन असतात. रश अवरच्या शेवटी प्रदर्शनातल्या मौल्यवान पुराण्या चिनी वस्तू आहेत, गुंड मारायला येतायत आणि हा त्यांना मारता मारता पडणारे फ्लॉवरपॉट झेलतोय. मार खाईन पण फुटू देणार नाही. आता सांगा, हे तुम्हाला ओळखीचं नाही वाटत? एका हाताने दूध उतू जातंय ते बघायचं, दुसऱ्या हाताने पोराला टाय बांधायचा, कानाला फोन आणि दारात कचरेवाला. तीच फाइट आहे ती. आणि त्याला लागतं, तो हात झटकतो, तोंड वाकडं करतो. ज्या हिरोला लागत नाही त्याच्यावर आपण हसू शकत नाही, फार तर शिट्टी मारू.

अजून एक, हे थोडं टेक्निकल आहे. त्याच्या हाँगकाँगच्या जुन्या पिक्चरमध्ये, १९८५ चा पोलीस स्टोरी घ्या, कॅमेरा मागे ठेवलेला असतो, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो, शॉट लांब चालतो. कोण कुठे उभा आहे, खुर्ची कुठे आहे, जिना कुठे आहे, सगळं आपल्याला आधीच ठाऊक, म्हणून तो खुर्चीकडे बघतो तेव्हाच हसू फुटायला लागतं. हल्ली सेकंदाला तीन कट मारतात, कॅमेरा हलवतात, कोणी कोणाला मारलं हे कळायच्या आत गाडी उडते. विनोदाला जागा कळावी लागते ताई. केळ्याचं साल आधी दाखवावं लागतं. जवळ जवळ कट मारून थरार येईल एकवेळ, हसू नाही येत.

बाकी शेवटी नावं येतात तेव्हा चुकलेले शॉट दाखवतात तेवढे तरी मिस्टरांबरोबर बसून बघा, ते तुम्हालाही आवडतील.

प्रश्न : दोन बायकांची अशी जोडी का नसते? – कॉलेजवाली, विलेपार्ले

उत्तर : असते, फार कमी. २०१३ चा द हीट बघ, सँड्रा बुलक नियमाने चालणारी एफबीआयवाली आणि मेलिसा मॅकार्थी बॉस्टनची शिवराळ पोलिस. त्यातली बुलक कडक असली तरी आतून एकटी आहे हे हळूहळू कळतं, आणि मॅकार्थीच्या घरचा सीन तर बघच, अख्खं खानदान एकमेकांवर ओरडतंय.

आपल्याकडे का नाही याचं उत्तर मला विचारशील तर लिहिणाऱ्या खोल्यांमध्ये अजून बहुतेक पुरुष बसलेले असतात आणि त्यांनी लेडीज डबा आतून बघितलेला नाही. सकाळी ८ वाजता तिथे सीटवरून जी चर्चा चालते त्यात रोज चार स्क्रिप्टं वाया जातात. तू लिही.

प्रश्न : मराठीत असे पिक्चर का होत नाहीत? बजेट नाही म्हणून का? – लालबागचा प्रेक्षक, भारतमाता टॉकीजला वाढलेला

उत्तर : भारतमाताला वाढलेल्या माणसाने हे विचारावं! अहो, महेश कोठारे आणि लक्ष्या हे काय होतं मग? १९८७ चा दे दणादण, दोघंही पोलिस. १९९३ चा झपाटलेला, महेश इन्स्पेक्टर आणि लक्ष्याच्या हातात रामदास पाध्यांनी बनवलेला तो तात्या विंचू. एक ताठ, केस विंचरलेला, डॅम इट म्हणणारा. दुसरा घाबरला की अख्खं अंग घाबरतं असा. महेश कोठारे कधी विनोद करायला जात नसत, ही त्या जोडीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट होती आणि तिचं कौतुक कोणी करत नाही. जो हसत नाही त्याच्यामुळे दुसऱ्याचं हसू उठतं. हे समजायला मला स्वतःला पस्तिशी उलटली, लहानपणी मला महेश म्हणजे लक्ष्याच्या मध्ये येणारा माणूस वाटायचा.

बजेटचं म्हणाल तर तेव्हा तरी कुठे होतं, तरी याच माणसाने १९९० मध्ये धडाकेबाज सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्याचा, काढला. खरं सांगू का, पैसे कमी असले की हा प्रकार उलट बरा जमतो. गाड्या उडवता येत नाहीत म्हणून माणसांकडे बघावं लागतं. माझी टीसीवाली फाइट बघा, एका डब्यात संपते. चालू लोकलमध्ये गर्दीच्या वेळी परवानगी कोणी देणार नाही हे मलाही माहितीय, पण डब्याचा सेट लागतो, नाहीतर पनवेलपुढे आपटा स्टेशनावर आजवर किती पिक्चरवाले गेले, दिलवाले दुल्हनियाचा शेवटसुद्धा तिथलाच. प्रॉब्लेम पैशाचा कमी आहे आणि धीराचा जास्त. आपले निर्माते दोन विनोदी माणसं घेतात. दोघंही विनोदी! दोघंही पंच मारतात, ऐकायला कोणीच नाही. लग्नाच्या पंगतीत सगळेच वाढायला उभे राहिल्यासारखं होतं.

प्रश्न : साहेब, मी कांदिवलीला रिक्षा चालवतो. माझा मेहुणा काळीपिवळी टॅक्सी चालवतो, माहीमला राहतो. आमचं पंधरा वर्षं पटत नाही. तो म्हणतो तुम्ही मीटर फास्ट करता, मी म्हणतो तुम्ही जवळचं भाडं नाकारता. पोरगी म्हणते पप्पा तुमच्या दोघांवर पिक्चर निघेल. निघेल का? – तीन चाकी, कांदिवली

उत्तर : मालक, यावेळच्या सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात आवडलं, डोंबिवलीकराने राग मानू नये.

दोघंही बरोबर आहेत की नाही ते बघू. तुमचं भाडं २६ रुपयांपासून, त्यांचं ३१ पासून, दोघंही सीएनजीच्या रांगेत तेवढेच उभे. तुम्हाला वाटतं तो शहरवाला म्हणून मिजास करतो, त्याला वाटतं तुम्ही उपनगरात पैसे छापता. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जुनी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा तुमच्या मेहुण्याने जर ती स्वतः चालवलेली असेल तर त्याच्या मनात काय झालं असेल हे तुम्ही कधी विचारलंय का? नसेल विचारलं. तो सीन तिथेच आहे.

आता गोष्ट ऐका. तुमच्या रिक्षात कोणीतरी एक बॅग विसरतं. बॅगेच्या मागे वाईट माणसं लागतात. पहिला अर्धा तुमचा, कारण साकीनाका, कुर्ला, मालवणीच्या ज्या गल्लीत टॅक्सी शिरत नाही तिथे तीन चाकं शिरतात, मेहुणा मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलाय आणि तुम्हाला वळण कसं घ्यावं शिकवतोय. तुम्ही पाठलाग करत वांद्र्यापर्यंत येता. व्हिलनची गाडी माहीमच्या दिशेने सुसाट निघते. आणि तुम्ही ब्रेक मारता. करोडोंची बॅग, जिवावर बेतलंय, पुढे रस्ता मोकळा, आणि तुम्ही ब्रेक मारता, कारण वांद्र्याच्या पुढे रिक्षा जात नाही, पंधरा वर्षांची सवय आहे, पाय आपोआप जातो. मेहुणा किंचाळतो. तुम्ही म्हणता, दंड तू भरणार का? आणि मग तो शांतपणे खाली उतरतो, समोर त्याची टॅक्सी उभी असते, दार उघडतो आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला म्हणतो, बसा भावोजी, मीटर टाकतो.

इंटरव्हल.

दुसऱ्या अर्ध्यात तो चालवतो आणि तुम्ही मागे बसून शिकवता. फाइट करायची झाली तर तुम्ही रिक्षावाल्यासारखी करा, आरसा, हँडल, सीटखालचा पाना जे हाताला येईल ते, आणि त्याने टॅक्सीवाल्यासारखी, म्हणजे दार अचानक उघडून.

दोर कोणता हे सांगायला नकोच. त्याची बहीण तुमची बायको आहे. दोघांपैकी कोणालाही निघून जाता येत नाही, गणपतीला समोरासमोर बसायचंच आहे. तिला पिक्चरमध्ये घ्या, चांगला मोठा रोल द्या, आणि त्या सीनमध्ये दोघांनाही एकाच वेळी तिने झापलं पाहिजे, हातात चमचा असताना. लिहायला लागलात की पहिली पानं तिलाच वाचून दाखवा. ती कुठे हसते यापेक्षा कुठे ‘असं काही तो बोलला नव्हता’ म्हणते तिकडे खूण करा आणि ते पान पोरीकडून परत लिहून घ्या.